टीव्ही बंद करायची घाई नको, मुखवटा निघेपर्यंत थांबा

सप्रेम नमस्कार संपादकसाहेब,

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका आजोबांचं पत्र होतं. नातू टीव्हीवर स्कूबी डू हे कार्टून बघत बसलेला, त्यात एका जुन्या किल्ल्यात ड्रॅक्युला, फ्रँकनस्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस असे तिघंही पोरांच्या मागे लागलेले, नातवाने उशीत तोंड खुपसलं, मग आजोबांनी ताबडतोब टीव्ही बंद केला आणि तरीही रात्री पोरगं लाईट लावूनच झोपलं. पुढे त्यांचं म्हणणं असं की असली परदेशी भुतं दाखवणाऱ्या कार्टूनवर सरकारने बंदी घालावी. आजोबांचा वैताग मला कळतो, घाबरलेल्या पोराला रात्री बाथरूमपर्यंत सोडायला उठायचं म्हणजे काय ते मलाही माहितीये. पण माझं घोडं अडलं ते 'ताबडतोब टीव्ही बंद केला' या चार शब्दांवर, आणि त्यावरच हे पत्र आहे.

वर्णनावरून एपिसोड कुठला ते मी लगेच ओळखलं, कारण नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क आलं तेव्हापासून आमच्याकडे तो इतक्यांदा लागलाय की भावाला आणि मला त्यातल्या पळापळीचं म्युझिकसुद्धा पाठ होतं. हा स्कूबी डूच्या अगदी पहिल्या सीझनमधला एपिसोड, अमेरिकेत सीबीएस चॅनेलवर २२ नोव्हेंबर १९६९ ला, शनिवारी लागला होता. गोष्ट साधीच. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी ही चार पोरं आणि त्यांचं ते भित्रं कुत्रं स्कूबी आपल्या व्हॅनमधून एका किल्ल्यापाशी येतात. किल्ला युरोपातला, ट्रान्सिल्व्हेनियातून सुटा करून आणून अमेरिकेत परत उभारलेला (पैसा असला की माणसं काय काय हलवतात!). दारात एक भविष्य सांगणारी बाई, ती म्हणते आत जाऊ नका, मग अर्थातच ही मंडळी आत जातात. आणि मग कधी ड्रॅक्युला, कधी लांडगामाणूस, कधी तो चौकोनी डोक्याचा धिप्पाड राक्षस. पळा, लपा, आपटा, परत पळा.

आजोबांनी टीव्ही बंद केला तो बहुतेक इथे कुठेतरी.

आता पुढे काय होतं ते त्या नातवाला कुणीतरी सांगा हो. पुढे तो भूत पकडला जातो, त्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढतात आणि आत निघतो बिग बॉब ओकली नावाचा एक भामटा. ड्रॅक्युला तोच, लांडगा तोच, राक्षस तोच आणि दारातली भविष्यवाली बाई पण तोच! किल्ल्यात दडवलेली दौलत शोधायची होती, लोकांनी आत येऊ नये म्हणून हा सगळा तमाशा. म्हणजे अख्खा एपिसोड ज्या एका गोष्टीसाठी बनवलाय ती गोष्ट शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आहे, आणि नेमकी तीच त्या पोराने बघितली नाही. त्याच्या डोक्यात ते तिघंही अजून त्या किल्ल्यात फिरतायत, कारण त्यांना कुणी पकडलंच नाही. मग लाईट लावून झोपणार नाही तर काय करणार बिचारा.

मी हे एवढ्या हिरीरीने का लिहितेय तर माझा धंदाच रंगभूषेचा आहे. हौशी नाटकं, एकांकिका स्पर्धा, शाळांची गॅदरिंग, असलं सगळं करते. बालवाडीच्या गॅदरिंगला राक्षस असतोच असतो, बकासुर म्हणा, हिरण्यकश्यपू म्हणा, आणि त्यात एक गोष्ट मी दरवेळी बघते. ज्या पोरांच्या समोर मी त्या मुलाला रंगवते, म्हणजे आधी पॅनकेक (चेहऱ्याला लावायचा पायाचा रंग), मग भुवया जाड काढल्या, मग स्पिरिट गम लावून क्रेपची मिशी चिकटवली (त्या गमचा वास पोरांना इतका आवडतो की आमच्या पण लावा म्हणून मागे लागतात), मग ओठाच्या कडेला पांढरे सुळे रंगवले, ती पोरं त्याला अजिबात घाबरत नाहीत, उलट मिशी ओढायला बघतात आणि मला ओरडावं लागतं. आणि जी पोरं बाहेर बसलेली असतात, ज्यांनी फक्त तयार झालेला राक्षस विंगेतून येताना बघितला, ती आईच्या पदरात शिरून भोकाड पसरतात. राक्षस तोच, मिशी तीच. फरक एवढाच की एकांनी मिशी चिकटताना बघितली आणि दुसऱ्यांनी नाही.

आणि हे तीन राक्षस तर म्हणजे आमच्या धंद्यातले पूर्वजच आहेत. लोकांना वाटतं की हे फार जुने, कुठल्यातरी दंतकथेतून जसेच्या तसे आलेले, तर तसं नाहीये, त्यांचं आज डोळ्यासमोर येणारं रूप हे शंभर टक्के नाटक आणि सिनेमावाल्यांनी घडवलेलं आहे. मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकनस्टाइन' कादंबरीतल्या त्या प्राण्याची कातडी पिवळट आहे, केस काळेभोर चकचकीत लांब आहेत, चपटं डोकं नाही, मानेत बोल्ट नाहीत, काही नाही. ते सगळं केलं जॅक पिअर्स नावाच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेकअपमनने, १९३१ च्या 'फ्रँकनस्टाइन' सिनेमात, बोरिस कार्लोफ या नटाच्या चेहऱ्यावर. कापूस आणि कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचे थर एकावर एक देऊन कपाळ उंच केलं, पापण्यांवर मेण चढवलं म्हणजे डोळे मेल्यासारखे अर्धवट मिटलेले दिसतील, कार्लोफच्या तोंडात दातांचा एक ब्रिज होता तो काढून ठेवायचा म्हणजे एका बाजूचा गाल आत जायचा. आणि रंग दिला निळसर हिरवट, का, तर ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट दिसतो. रोजचे चारेक तास तरी लागायचे. चार तास खुर्चीत बसून राहणाऱ्या त्या माणसाला माझा दंडवत, आमच्याकडे वीस मिनिटांत लोक विचारतात झालं का, चहा घेऊन येऊ का. एवढं करून सिनेमाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे काय होतं माहितीये का? प्रश्नचिन्ह. कार्लोफचं नाव थेट शेवटी.

(कार्लोफवरून आठवलं म्हणून सांगते, त्याच्या आईची मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध बाई, ती १८३१ साली आपल्या नगरला जन्मली होती. तेव्हा 'परदेशी भुतं' म्हणताना आजोबांनी जरा जपून.)

ड्रॅक्युलाचंही तेच. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची, आणि गंमत म्हणजे स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही, पुस्तकं वाचून बसल्या जागी लिहिलं. पण तो काळा झगा आणि मानेमागची उभी ताठ कॉलर, जी ह्या कार्टूनमध्येही आहे आणि प्रत्येक फॅन्सी ड्रेसमध्ये असते, ती आली स्टेजवरून. १९२४ ला इंग्लंडमध्ये त्यावर नाटक आलं, त्यात ड्रॅक्युलाला प्रेक्षकांसमोरून गायब व्हायचं होतं, मग त्याने पाठ करून उभं राहायचं, उंच कॉलरमुळे डोकं दिसत नाही, आणि झगा तसाच धरलेला असताना नट खालच्या झडपेतून पसार! म्हणजे ज्या कॉलरला बघून पोरं आज घाबरतात ती मुळात नटाची पळून जायची सोय आहे हो. १९३१ च्या सिनेमात बेला लुगोसीने तोच पोशाख घातला आणि तो कायमचा झाला. त्या सिनेमात लुगोसीला सुळे दाखवलेलेच नाहीत, एकदाही नाही, हे सांगितलं की लोक माझ्याशी पैज लावतात. लांडगामाणूस त्यानंतरचा, १९४१ चा, लॉन चेनी ज्युनियर, तोही पिअर्सच्याच हातचा, याकचे केस चिकटवून चिकटवून केलेला.

तर सांगायचं काय की १९६९ मध्ये स्कूबी डूवाल्यांनी हे तीन राक्षस घेतले तेव्हा अमेरिकन पोरांना ते अगदी शेजारच्या काकांसारखे ओळखीचे होते, कारण १९५७ मध्ये युनिव्हर्सलच्या बावन्न जुन्या पिक्चरचा गठ्ठा टीव्ही स्टेशनांना विकला गेला आणि रात्री उशिरा ते लागायचे, मध्ये मध्ये शवपेटीतून उठून फालतू जोक मारणारे सूत्रधार असायचे. त्यामुळे भीती आणि हसू आधीच एकत्र शिजलेलं होतं, कार्टूनवाल्यांनी फक्त वाढलं. आणि त्यात माझी एक तक्रार आहे ती व्यावसायिक तक्रार समजा, की हा बिग बॉब ओकली एका दारातून ड्रॅक्युला म्हणून जातो आणि जरा वेळात लांडगा म्हणून येतो, अहो स्पिरिट गम सुकायला तरी वेळ द्या त्याला! रबराचा मुखवटा धरला तरी हातावरच्या केसांचं काय? पण ते असो, ज्या कार्टूनमध्ये पळताना मागे तीच खिडकी आणि तेच झुंबर परत परत येतं (पैसे वाचवायला तेच चित्र फिरवायचे, हे कार्टून बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा कंपनीची खासियतच ती) तिथे स्पिरिट गमची काय कथा.

आता आजोबांच्या बंदीच्या मागणीकडे येते. त्यांना कदाचित माहीत नसेल पण हे कार्टून जन्मालाच आलं ते पालकांच्या असल्याच तक्रारींमुळे. १९६८ मध्ये अमेरिकेत शनिवारी सकाळी सगळी सुपरहिरोंची मारधाड लागायची, त्याच वर्षी रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, टीव्हीवरच्या हिंसेवर सगळीकडे बोललं जायला लागलं, बोस्टनजवळ काही आयांनी मिळून मुलांच्या टीव्हीसाठी संघटना काढली, पेगी चॅरेन ही त्यांची पुढारी. मग चॅनेलवाल्यांनी मारधाड गुंडाळायला घेतली आणि सीबीएसचा एक अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन म्हणाला, भुताचं पण हसवणारं काहीतरी काढू. जो रुबी आणि केन स्पीअर्स यांनी लिहिलं, इवाओ टाकामोटोने चित्रं काढली. आणि ती पहिली चित्रं बघून सीबीएसचे मोठे साहेब म्हणाले, हे लहान पोरांसाठी फार भीतीदायक आहे, नको! म्हणजे आजोबा जे आज म्हणतायत तेच. मग सिल्व्हरमनने काय केलं तर कोपऱ्यात असलेलं कुत्रं उचलून मध्यभागी आणलं, फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटी तो डू-बी-डू-बी-डू गुणगुणतो त्यावरून नाव दिलं, आणि भीती सगळी त्या कुत्र्याच्या अंगावर ढकलली. घरात बसलेलं पोर काय बघतं, की एवढं घोड्याएवढं ग्रेट डेन कुत्रं आपल्यापेक्षा जास्त घाबरतंय, एका बिस्किटावर मानतंय, टेबलाखाली लपतंय. त्यामुळे पोराला थोडं शूर वाटतं. मला ही युक्ती फार म्हणजे फारच हुशारीची वाटते, आणि ती बंदीतून आलेली नाही, 'भीती ठेवा पण नीट हाताळा' अशा विचारातून आलीये.

ह्या एपिसोडमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये हां. खरी खटकणारी गोष्ट आहे ती आजोबांच्या लक्षातच आली नाही, ती म्हणजे ती भविष्य सांगणारी बाई. डोक्याला रुमाल, कानात मोठाल्या बाळ्या, गूढ बोलणं, ही रोमा लोकांची टिंगलवजा नक्कल तेव्हाच्या सगळ्याच सिनेमा-टीव्हीत असायची, १९४१ च्या त्या लांडग्याच्या सिनेमातही आहे. फिरत्या जमातीची बाई म्हणजे शाप आणि चोऱ्यामाऱ्या, हे चित्र पोराच्या डोक्यात बसलं तर ते ड्रॅक्युलापेक्षा जास्त काळ टिकतं आणि त्याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. आपल्याकडेही पाल टाकून राहणाऱ्या लोकांकडे कसं बघितलं जातं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा नातवाशी बोलायचंच असेल तर त्यावर बोला. तिथे तरी मुखवटा काढल्यावर ती बाई नव्हतीच असं निघतं, तेवढंच बरं.

दुसरं म्हणजे स्कूबी डू नावाखाली जे लागेल ते सगळं चांगलं असंही नाही. १९८५ च्या सिरीजमध्ये भुतं खरीच निघायला लागली, १९९८ च्या सिनेमात झोंबी खरे, मुखवटा ओढतात तर मुंडकंच हातात येतं. तो सिनेमा मोठ्या मुलांना भारी वाटतो, मलाही वाटला, पण सहा-सात वर्षांच्या पोराला लावून देऊन आपण स्वयंपाकाला जावं असा तो नाही. जुने आणि नवे यातला फरक घरच्यांनी करायला हवा, आणि आजकाल ॲपवर एकामागून एक आपोआप सुरू होतं त्यामुळे हे जास्तच बघायला लागतं.

पण अर्धवट तोडण्याचा परिणाम काय होतो त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कार्लोफच्या त्या १९३१ च्या फ्रँकनस्टाइन सिनेमातच आहे. तळ्याकाठी एक छोटी मुलगी त्या राक्षसाला भेटते, घाबरत नाही, त्याला फुलं देते, दोघं मिळून फुलं पाण्यात टाकतात आणि ती तरंगतात. फुलं संपल्यावर त्याला वाटतं हिला टाकलं तर हीसुद्धा तरंगेल, म्हणून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते आणि तो कासावीस होऊन पळतो. सेन्सॉरवाल्यांना हे सहन झालं नाही आणि त्यांनी तुकडा कापला, म्हणजे राक्षस मुलीकडे हात पुढे करतो तिथेच कट, आणि नंतर एकदम बाप तिला हातावर घेऊन गावातून चालत येतोय. झालं काय, तर त्या दोन शॉटच्या मध्ये त्याने तिचं काय केलं असेल याची लोकांनी जी कल्पना केली ती मूळ सीनपेक्षा कितीतरी घाण होती. एका भोळ्या जिवाची चूक होती ती कापल्यामुळे सैतानाचं कृत्य झाली. तो तुकडा परत जोडला गेला ऐंशीच्या दशकात, पन्नासेक वर्षांनी. आणि त्या मुलीचं काम करणारी मेरिलिन हॅरिस शूटिंगला जाताना पूर्ण मेकअपमधल्या कार्लोफचा हात धरून मी यांच्याच गाडीतून येणार म्हणाली होती असं सांगतात. माझा लगेच विश्वास बसला, ती पोरगी विंगेच्या आतली ना.

आता जरा तुमच्याशी, संपादकसाहेब. राग मानू नका. आजोबांचं पत्र ज्या दिवशी छापलंत त्याच्या आगेमागेच तुमच्या वेबसाईटवर एका घाटातल्या पांढऱ्या साडीवाल्या बाईची बातमी होती. रात्री बारानंतर गाडीवाल्यांना हात करते, आरशात दिसत नाही, वगैरे. खाली फोटो कुठल्यातरी पिक्चरमधला, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात 'आम्ही याची पुष्टी करत नाही'. मी अगदी तळापर्यंत स्क्रोल केलं की आता कोण निघतंय आत, कुणी ट्रक लुटणारे आहेत, कुणाला तो रस्ता मोकळा हवाय, का कुणी रिकामटेकडा रीलसाठी साडी नेसून उभा राहतोय. काहीच नाही. भूत तसंच घाटात उभं करून तुम्ही निघून गेलात! आपल्याकडे अंनिसचे कार्यकर्ते भानामतीच्या घरी जाऊन बसतात, दगड कुठून येतात, कपडे कोण पेटवतं, ताटात राख कधी पडते हे दिवस दिवस बघत राहतात आणि बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी निघतं, छळ होणारी सून नाहीतर अभ्यासाला कंटाळलेला पोरगा, आणि मग ते त्या माणसाचं नाव चव्हाट्यावर न आणता त्याच्या दुखण्यावर इलाज शोधतात. वेल्माने चष्मा सावरत जे केलं त्याच्या कितीतरी पुढचं काम आहे ते. त्याची बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर चार ओळी, आणि घाटातल्या बाईला फोटोसकट होमपेज. १९६९ च्या कार्टूनला जेवढी शिस्त होती, की भूत दाखवलंय ना मग आत कोण ते दाखवूनच उठायचं, तेवढी तरी पेपरने पाळावी एवढी माझी मागणी. ती बाई कोण ते शोधायला वार्ताहर पाठवा, मी वाट बघतेय.

आणि त्या आजोबांना माझा निरोप द्या की एपिसोड परत लावा, ह्यावेळी नातवाला शेजारी घेऊन बसा, पळापळीत तो उशीत तोंड घालेल तर घालू द्या, मुखवटा ओढायच्या वेळी तेवढं उठवा. हवं तर नंतर त्याच्या ओठाखाली काजळाने दोन सुळे काढा आणि आरशात दाखवा, खोबरेल तेलाने पुसलं की निघतं.

पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर खुशाल कात्री लावा. कार्लोफच्या आईची मावशी गेली तरी चालेल, घाटातली बाई मात्र काढू नका.

आपली,
एक रंगभूषाकार, मिरज